चकाकत्या टाकीवरचा फेस

मुलांनो, सकाळी उठल्याउठल्या, दात घासायच्या आधी, जीभ दातांवरून फिरवून बघा. काय लागतं? काहीतरी बुळबुळीत, मऊसर. आरशात मात्र काही दिसत नाही. आता मनात आणा, तसाच एक न दिसणारा थर एका भल्यामोठ्या स्टीलच्या टाकीला आतून चिकटलाय. त्यात जिवाणू एकमेकांना धरून बसतात, अंगावर चिकट पांघरूण ओढून घेतात, आणि मग साबण येवो की गरम पाणी, कुणाला दाद देत नाहीत. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. एवढं ध्यानात ठेवा आणि चला, आइस्क्रीमच्या कारखान्यात जाऊ.

तिथे एका मुलीचे बाबा टाक्या धुवायचे. मुलगी दिवसभर बडबडायची, म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. आई ती तान्ही असतानाच गेली होती. वरच्या मजल्यावर आत्या राहायची. तिचा नवरा जहाजावर, घरी क्वचितच. टिटवीची वेणी, टिटवीचा डबा, टिटवीचा ताप, सगळं आत्याच बघायची.

बाबांना आपल्या टाकीचा भारी अभिमान. कारखान्यानं दिलेला मऊ ब्रश त्यांना कधी पटलाच नाही. "हा काय घासणार? नुसता गोंजारतो!" असं म्हणून ते घरून तारेची घासणी न्यायचे आणि खांदा भरून येईपर्यंत घासायचे. टाकी अशी लखलखायची की मुकादम पाहुण्यांना मुद्दाम तिच्यापुढे उभं करायचा. "आरसा कशाला हवा साहेब, यात बघून दाढी करा!"

आत्याला बाळ होणार होतं. तिच्या तोंडाची चव गेली होती, म्हणून बाबा कारखान्यातून आइस्क्रीमचा डबा आणायचे. आत्या आणि टिटवी एकाच डब्यात चमचे घालून भांडायच्या.

"माझ्या पोटात दोघं जेवतायत. तू एकटी आहेस, चमचा आवर!"

"त्याला अजून दात तरी आलेत का?"

"आइस्क्रीमला दात लागतात होय गं, शहाणे?"

मग एके दिवशी आत्याला सपाटून ताप भरला, आणि बाळ जन्माला यायच्या आधीच गेलं. टिटवीला काहीसुद्धा झालं नाही.

इस्पितळातून आल्यावर आत्या खिडकीशी बसून राहायची. "मी भरलेली बादली उचलली ना," ती पुन्हा पुन्हा म्हणायची. "दादा नको नको म्हणत होता. माझ्याच हातानं घालवलं मी त्याला." डॉक्टर म्हणाले होते, खाण्यातून कसलासा जिवाणू पोटात गेला. पण कशातून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बादली मात्र तिला लख्ख आठवत होती.

डॉक्टरांनी कळवल्यामुळे आरोग्य खात्याच्या तपासनीस बाई आत्यानं खाल्लेल्या एकेका पदार्थाच्या मागावर निघाल्या. दूधवाला झाला, बेकरी झाली, मग कारखान्याची पाळी आली. शाळेला सुट्टी होती. बाबा म्हणाले, "चल टिटवी, तुझ्या बापाचं काम बघ. बाई तोंडात बोट घालतील."

डोक्यावर टोपी आणि पायांत ढगळे बूट घालून टिटवी टाकीपाशी उभी राहिली. बाईंनी आत दिवा धरला.

"चमकतेय हो छान."

"चमकेल नाही तर काय! जीव काढतो मी."

"हे औषध मारते आता. कोऱ्या स्टीलवर काही होत नाही. जिवाणूंचा थर असला, तर त्यावर फेस येतो."

"मारा की. खुशाल मारा."

बाईंनी फवारा मारला. आधी काहीच झालं नाही. बाबांनी टिटवीकडे बघून डोळा मिचकावला. मग एका जागी बारीक पांढरा धागा उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. बघता बघता सगळी भिंत पांढऱ्या कमानींनी भरली. एकीत एक अडकलेल्या, हात पोचेल तेवढ्या लांब.

"बाबा," टिटवी बोलून गेली, "हे तर तुझ्या हातासारखं फिरलंय."

बाईंनी विचारलं, "कशानं घासता?"

बाबांनी खिशातून घासणी काढून दाखवली. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तारेनं ओरखडे पडतात, दादा. आपल्याला दिसत नाहीत, पण जिवाणूंना घर करायला पुरतात. तिथे धुवायचं औषध धड पोचत नाही." मग त्यांनी कापसाचे बोळे भिंतीवरून फिरवले आणि बाटल्यांत बंद करून नेले.

बाबांनी अंगचोरपणा केला असता, तर एवढे ओरखडे पडले नसते. त्यांना ते कळलं होतं. घरी येताना वाटेत त्यांनी घासणी कचऱ्यात टाकली.

पुढे प्रयोगशाळेचं उत्तर आलं. टाकीतला जिवाणू आणि आत्याच्या रक्तातला जिवाणू एकच होता. धडधाकट पोराला तो सहसा काही करत नाही, पण पोटातल्या बाळाच्या जिवावर बेततो. कारखान्यानं टाकी बंद केली. बाई म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला कळवायला हवं. मी येऊ, की तुम्ही सांगता?" "मी सांगतो," असं बाबा म्हणून आले खरे, पण जिन्याच्या खालच्या पायरीवरच बसले.

"टिटवी, वर काही बोलू नकोस हं. मी सांगेन."

"कधी?"

"सांगेन गं."

"ती म्हणते, बादलीमुळे गेलं."

"माहितेय मला."

"मग तिला तसंच वाटू द्यायचं?"

बाबांनी तोंड दोन्ही हातांत लपवलं. "तिला तोंड कसं दाखवू, पोरी? मीच आणून भरवलं तिला."

"मी पण भरवलं," टिटवी म्हणाली. तिनं त्यांच्या दंडाला धरून ओढलं. बाबा हलले नाहीत. पुन्हा ओढलं. मग ती त्यांच्या शेजारी बसली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. वर आत्याची खुर्ची करकरली.

टिटवी उठली आणि एकटीच जिना चढून गेली. आत्या खिडकीशीच होती.

"आत्या, बाबाला तुला काहीतरी सांगायचंय. ते बाळाबद्दल आहे. तो खाली पायरीवर बसलाय, त्याला वर यायला जमत नाहीये."

आत्या खिडकीकडून तिच्याकडे वळली. टिटवीनं दारामागच्या आत्याच्या चपला आणल्या, तिच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या, आणि हात पुढे केला.