ओढ्यापलीकडचं कोठार

गेम पहिल्यांदा हँग झाला तेव्हा तो लिंबाचं झाड लावत होता. वर उचललेली कुदळ वरच राहिली, ओढ्याचं पाणी जागच्या जागी थांबलं आणि स्पीकरमधून कुठल्याशा पक्ष्याचा अर्धा सूर किरकिरत राहिला. त्याने माऊस हलवून पाहिला, दोन-चार बटणं दाबली, शेवटी कॉम्प्युटरच बंद केला आणि भाजी चिरायला उठला. कधीकधी होतं असं, म्हणून सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि त्यानंतर तर रोजच व्हायला लागलं.

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे. तो त्यांत प्लास्टर ओतायचा, मेणाच्या हिरड्या घडवायचा आणि त्यांत एकेक दात बसवायचा. शेजारच्या टेबलावर पॉलिशचं यंत्र होतं. ते चालवणाऱ्या बाई कानात बोळे घालून बसायच्या, त्यामुळे सकाळचं "आलात?" आणि संध्याकाळचं "निघते" एवढंच संभाषण व्हायचं. दिवसभर तोंडांच्याच संगतीत असून त्याला स्वतःचं तोंड फारसं उघडावं लागत नसे, आणि घरी तर नाहीच.

घरात पूर्वी तिघं होती. बायको असताना घरातली सगळी बोलणी तिच्यामार्फत चालायची. "तिला विचार, वह्या हव्यात का," तो म्हणायचा. "बाबाला सांग, मी जेवले," मुलगी म्हणायची. मुलगी शाळेत असतानाच बायको आजारी पडून गेली आणि उरलेल्या दोघांना एकमेकांशी काय बोलावं तेच समजेना. त्या वर्षी मुलीने हा गेम आणला. गेममध्ये एक बेट होतं. तिथे घर बांधायचं, शेती करायची, जनावरं पाळायची. ना लढाई, ना शर्यत. ती तिच्या खोलीतून खेळायची आणि तो बैठकीतून. बेटावर ती त्याला लिहून विचारायची, "बाबा, जास्तीची दोरी आहे का?" तो लिहायचा, "आहे, पुलाशी ठेवतो." मधे एक भिंत होती, पण ते असं बरं चालायचं. बेटावर तिने स्वतःचं नाव ठेवलं होतं झुरळ, कारण झुरळ दिसलं की बाबा खुर्चीवर चढायचा.

ओढ्याच्या अलीकडची जमीन त्याची, पलीकडची तिची, असं ठरलं होतं. मग शिक्षण संपलं, दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि ती गेली. सुरुवातीला संध्याकाळी बेटावर यायची, पुढे फक्त सुट्टीला, आणि मग यायचीच बंद झाली. तिने तसं सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. बेट त्याच्याच कॉम्प्युटरवर साठवलेलं होतं, म्हणून तो कामावरून आला की जायचा. झाडं लावायचा. तिच्या बाजूला मात्र जायचा नाही. घरातही तिच्या खोलीत तो न विचारता जात नसे. पण यंदा अलीकडची जागा भरत आली आणि त्याच्या झाडांची रांग सरकत सरकत ओढ्याच्या काठाशी पोचली.

आता हा हँग होण्याचा ताप. त्याने आधी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. प्लास्टरची भुकटी झटकायचा मऊ ब्रश कामावरून आणला होता, त्याने पंख्याची पाती साफ केली. आतून उशीभर धूळ निघाली. गेम चालला, आणि ओढ्याशी जाऊन पुन्हा अडकला. मग त्याने चित्राचा दर्जा कमी केला, सावल्या बंद केल्या. सावल्या गेल्यावर बेटावर कायमची भर दुपार झाल्यासारखी वाटू लागली. तरीही अडकला. बेटाची नक्कल बाजूला काढून ठेवून त्याने गेम पुसला आणि नव्याने टाकला. त्यात एक अख्खी सुट्टी गेली.

पॉलिशवाल्या बाईंनी एकदा बोळे काढून विचारलं, "तब्येत बरी नाही का?"

"गेम अडकतोय," तो म्हणाला.

"बंद करून चालू केलात?"

"केला."

"मग मला नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या आणि बोळे परत घातले.

शेवटी त्याने दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. चष्मा कपाळावर चढवून बोलणारा, वयाने त्याच्याएवढाच माणूस. त्याने आधी एक कोरं, नवं बेट सुरू केलं आणि इकडून तिकडे धावून पाहिलं. गेम लोण्यासारखा चालला.

"तुमचं मशीन ठणठणीत आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. "खोट आहे ती तुमच्या बेटात."

मग त्याने जुनं बेट उघडलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा आणला. आसपास किती जिवंत गोष्टी आहेत ते हा आकडा सांगतो, म्हणाला. घराशी आकडा लहान होता. बागेतून ओढ्याकडे जाऊ लागले तसा तो वाढत गेला, आणि काठाशी येऊन चित्र थांबलं तेव्हा तो हजारोंच्या घरात होता.

"काय पाळलंय एवढं?"

"मी काहीच नाही. माझी नुसती झाडं आहेत."

"झाडं उभी असतात, त्यांचं काही नाही. हे काहीतरी चालतंय, वळतंय, भूक लागली का बघतंय. प्रत्येकाकडे मशीनला लक्ष द्यावं लागतं, म्हणून त्याचा जीव जातोय. तुम्ही लांब असलात की ते सगळं झोपलेलं असतं. जवळ गेलात की जागं होतं." त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "त्या कोठारात आहेत बघा. पलीकडच्या. दाराला कुलूप आहे, मालक झुरळ. हे झुरळ कोण?"

"माझी मुलगी."

दुरुस्तीवाल्याने चष्मा परत कपाळावर चढवला. "तिच्याशिवाय दार उघडणार नाही," तो म्हणाला. "पण उघडायची गरजही नाही. फाइलमधून पलीकडचा तेवढा तुकडा पुसून टाकतो. चहा होईपर्यंत काम होईल. तिथे परत नुसतं गवत येईल."

तो चहा ठेवायला म्हणून उठलाच होता. स्वयंपाकघराच्या दारातून परत फिरला.

"नको," तो म्हणाला. "तिला विचारतो आधी."

विचारायला तीन-चार दिवस गेले. फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा. गेमसाठी का कोणी कामाच्या माणसाला फोन करतं, असं वाटायचं. शेवटी जेवणाच्या सुट्टीत केला. तिने लगेच उचलला, पण बोलली दबक्या आवाजात.

"बाबा? काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे, ठीक आहे. आपलं ते बेट आहे ना, ते हँग होतंय."

"काय होतंय?"

त्याने सगळं सांगितलं. धूळ, सावल्या, दुरुस्तीवाला, आकडा. सांगता सांगता त्याला कळलं की आपण बराच वेळ बोलतोय आणि पलीकडे ती ऐकतेय. कोठाराचं नाव काढल्यावर ती एकदम हसली.

"अरे देवा. बदकं."

"बदकं?"

"मी बदकं पाळली होती तिथे. अंडी पाण्यातून आपोआप उबदार कोपऱ्यात जाऊन उबतील असं काहीतरी केलं होतं. ते बंदच केलं नाही वाटतं. तू अजून खेळतोस तो गेम?"

"अधूनमधून," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी बेटावर येते, म्हणाली. शनिवारी तो वेळेआधीच हेडफोन लावून बसला. ती उशिरा आली. पासवर्ड विसरली होती, मग गेमच नवीन उतरवावा लागला. पुलाशी झुरळ नावाची ती छोटी आकृती उभी राहिली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हिच्या डोक्यावर अजून तीच लाल टोपी आहे. कानात तिचा आवाज आला. पूर्वी ते लिहूनच बोलायचे. गेममध्ये तिचा आवाज तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"केवढी झाडं लावलीस रे. ओळखूच येत नाहीये."

"लिंबं आहेत ती. मागची चिकूची."

"आता तू लांब थांब, तुझ्या घरापाशी. मी आत जाते. माझा अडकला तर अडकू दे."

तिचा दोनदा अडकला. तिसऱ्यांदा ती दारापर्यंत पोचली. "उघडतेय," ती म्हणाली, आणि त्याला राहवलं नाही, तो बागेच्या टोकापर्यंत गेला. पडदा गोठला. बऱ्याच वेळाने चित्र बदललं: दार उघडं. पुढच्या चित्रात दारातून पांढरं काहीतरी ओसंडत होतं. त्याच्या पुढच्यात सगळा काठ पांढरा झाला होता. बदकं एकावर एक चढून बाहेर पडत होती, ओढ्यात उतरत होती आणि समुद्राकडे चालली होती, आणि हे सगळं त्याला फोटोंच्या अल्बमची पानं उलटावीत तसं दिसत होतं. कानात मात्र त्यांचा कलकलाट अखंड येत होता.

"मूर्खपणाच केला मी," ती हसत होती. "केवढी ही."

"पण एवढी कशाला पाळलीस?"

तिच्याकडे एखादं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आवाजासाठी," ती म्हणाली. "घरात फार शांत असायचं ना तेव्हा. तू काही बोलायचा नाहीस. मी इथे कोठारात येऊन बसायचे, हेडफोन लावून. कोणीतरी एकसारखं बडबडतंय असं वाटायचं."

भिंतीच्या अलीकडे तो बसलेला असायचा, आणि ती काहीतरी गाणी ऐकत असेल असं त्याला वाटायचं.

"मला वाटायचं, तुला बोलायचं नसेल," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटायचं. तुझ्याबद्दल."

यानंतर बराच वेळ नुसती बदकंच बोलत राहिली. मग ती आत गेली, अंड्यांची ती आपोआप चालणारी व्यवस्था मोडून आली. दुपारभर बदकं वाहून जात होती. आकडा उतरत गेला, तसं चित्र सुटं होत गेलं आणि ओढ्याचं पाणी परत पाण्यासारखं वाहायला लागलं.

"थोडी ठेवू का?" तिने विचारलं.

"ठेव की."

मूठभर बदकं तिने कुंपणात घातली. मग म्हणाली, "बाबा, मला निघायला हवं. मैत्रिणी खाली थांबल्यात." तो "हो, हो, जा" म्हणाला. लाल टोपी पुलावर क्षणभर दिसली आणि नाहीशी झाली.

त्यानंतर गेम एकदाही अडकला नाही. त्याने पुलापलीकडे जाऊन पाहिलं. कोठार रिकामं होतं, कोपऱ्यात एक बाकडं होतं. तो त्यावर थोडा वेळ बसला. झाडं लावून झाली, सावल्या परत सुरू झाल्या, आणि मग करण्यासारखं काही राहिलं नाही. बिघाड होता तोवर निदान काहीतरी शोधायचं असायचं. फोन करायला कारण होतं, तेही संपलं. संध्याकाळी तो कॉम्प्युटर चालू करायचा आणि लवकरच बंद करायचा.

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तो कामाच्या जागेच्या मागच्या अंगणात गेला आणि त्याने तिला फोन लावला.

"काय झालं?" ती म्हणाली. "परत अडकला?"

"नाही, छान चाललाय."

"मग?"

पुढचं वाक्य त्याने ठरवलंच नव्हतं. ती थांबली होती.

"मागे एक साचा आला होता," तो म्हणाला. "एका आजींचा. त्यांच्या मूळच्या पुढच्या दातांत फट होती. मी दात छान जुळवून बसवले, तर डॉक्टरांनी आज परत पाठवले. आजींना फट हवीच आहे म्हणे. फटीतून शीळ घालायची सवय आहे त्यांना."

"शीळ?"

"हो. कवळीतही फट ठेवा, म्हणतात."

ती हसली. बेटावर हसली होती त्यापेक्षा जरा हळू. "किती ठेवायची ते कसं कळणार तुला?"

"तेच बघतोय. आधी अगदी थोडी ठेवणार. मग डॉक्टर विचारतील त्यांना, वाजते का."

तिच्या मागून कोणीतरी तिला हाक मारली. "बाबा, मला बोलावतायत," ती म्हणाली. "मी करते नंतर."

"काही घाई नाही," तो म्हणाला.

त्या दिवशी तिचा फोन आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. त्याने पुढचे दोन दात मेणातून सोडवले, सुरीचं टोक ज्योतीवर धरून तापवलं आणि दात एकमेकांपासून किंचित दूर सरकवले. शेजारी पॉलिशचं यंत्र घरघरत होतं. आठवडा संपत आला तेव्हा तो दुकानात साबण घेत असताना खिशातला फोन वाजला.

"वाजली का शीळ?" तिने विचारलं.

"अजून कवळी गेली नाही त्यांच्याकडे," तो म्हणाला आणि रांगेतून बाजूला झाला.