सुदामच्या हातचा जोड

सुदाम मूळचा भूमकडचा. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात चौदा वर्षं डेंटर म्हणून काम करत होता. चेपलेला दरवाजा त्याच्या हाती गेला की कंपनीतून आल्यासारखा सरळ होऊन यायचा. गॅरेजचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, चिडका होता, पण सुदामवर आवाज चढवताना तोही दोनदा विचार करायचा. असा हात दुसरीकडे मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. सुदामलाही ते ठाऊक होतं. तोंडाने तो कधी बोलून दाखवत नसे, पण चालण्यात ते दिसायचं.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं होती. सगळं शहर खणून ठेवलेलं, जिकडे पाहावं तिकडे क्रेन. नजमा भागातल्या खोलीत सुदामच्या शेजारच्या पलंगावर बार्शीचा आबासाहेब झोपायचा. स्टेडियमच्या साइटवर तो स्टाफची बस चालवायचा. एका गुरुवारी तो म्हणाला, "सुदाम, आमच्या हापिसात नमिता म्याडम हायत. नाशिकच्या. त्यांना जुनी गाडी घ्यायचीय, अन् त्यातलं काय कळत न्हाई म्हणत्यात. उद्या सुट्टी हाय तुला. जरा बघून दे."

"कुणाची गाडी?"

"अझीझियात ऱ्हातंय कोण मराठी साहेब. घरची माणसं हायत म्हणून त्यांचा इश्वास बसलाय. तरी पण म्हणल्या, कुणीतरी जाणकार असावा."

जाणकार हा शब्द सुदामला आवडला. शुक्रवारी सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, टॉर्च खिशात टाकला आणि निघाला.

नमिता त्याला अल नस्रमधल्या तिच्या घरून टॅक्सीने घ्यायला आली. तिचा नवरा ऑफशोअरला, महिना महिना घरी नसायचा. आठ वर्षांची ईश्वरी सोबत होती. नमिताला लायसन्स चौथ्या परीक्षेत मिळालं होतं, आणि ते तिने सुदामला बसल्या बसल्या पर्समधून काढून दाखवलं.

"तीनदा नापास केलं, सुदामभाऊ. पण सोडलं नाही."

"मग आता गाडी पण तशीच बघू, ताई. नापास करत करत."

गाडीचे मालक गुरुप्रसाद फाटकातच उभे होते. गॅस कंपनीत पंचवीस वर्षं काढलेला माणूस. पाइपलाइनचं वेल्डिंग तपासायचे आणि त्यांची सही झाल्याशिवाय नळीत गॅस सोडत नसत. गाडीही त्यांच्यासारखीच, पांढरी, उंच आणि पुसून लख्ख. त्यांच्या पत्नी सरोजवहिनींनी ताटलीत चिवडा आणि चहा आणला. सुदामला बसा म्हणाल्या, पण तो उभाच राहिला.

"हे बघा नमिता," गुरुप्रसाद म्हणाले, "तीन वर्षं झाली घेतली त्याला. दोन्ही मुलं रोज हिच्यातूनच शाळेत जातात. एक ओरखडा दाखवा. मी लोखंडातला माणूस आहे, मला कोण फसवणार?" मग सुदामकडे वळून, "बघ रे, काय बघायचं ते बघून घे."

सुदाम कामाला लागला. त्याने बॉनेटचे नट पाहिले, दरवाजांच्या फटींतून बोट फिरवलं, छतावर तिरका उजेड टाकून रंग बघितला. सगळं जागच्या जागी. मागच्या दरवाजापाशी मात्र तो थांबला. फट बरोबर होती. जरा जास्तच बरोबर होती. कंपनीची गाडी एखाद्या सुताने इकडे तिकडे असतेच. इथे कुणीतरी जीव लावून दरवाजा बसवला होता. 'हात चांगला आहे कुणाचा तरी,' असं त्याच्या मनात आलं.

त्याने दरवाजाचं रबर ओढून काढलं, आतलं प्लास्टिक बोटभर वाकवलं आणि टॉर्च आत धरला.

खांबाच्या आतल्या बाजूला लाल प्रायमर होता. ब्रशने लावलेला, दोन हात, केसांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या.

जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागी कुठलाच डेंटर ब्रश घेऊन प्रायमर लावत बसत नाही. फवारा मारतात, नाहीतर तसंच सोडतात. लातूरला त्याचा उस्ताद सांगायचा, न दिसणारी बाजू आधी रंगव, गंज तिथून धरतो. अख्ख्या दोह्यात हा खटाटोप करणारा एकच माणूस होता, आणि तो आता गुडघ्यावर बसून स्वतःचंच काम बघत होता.

पहिल्यांदा त्याला आनंद झाला, खोटं कशाला बोला. इतकी वर्षं झाली, ऊन, खारी हवा, धूळ, आणि जोडावर गंजाचा ठिपका नाही. मग बाकीचं आठवलं. आधीच्या गॅरेजात ही गाडी आली तेव्हा तिचा मागचा अर्धा भाग उरलाच नव्हता. विमा कंपनीने टोटल लॉस म्हणून सोडून दिलेली. तिथल्या मुदीरने दुसऱ्या एका गाडीचा मागचा भाग आणून टाकला आणि म्हणाला, हिला जोड, वाळवंटातल्या फार्मवर चालवायची आहे, रस्त्यावर यायची नाही. सुदामने अकरा दिवस खपून दोन गाड्यांची एक केली होती. तेव्हा सगळं गॅरेज बघायला जमलं होतं.

"काय झालं? सापडलं काही?" गुरुप्रसादांनी हसत विचारलं.

न बोलता उठणं सोपं होतं. हा जोड दुसऱ्या कुणाच्या बापाला सापडला नसता. एवढ्यात मागून खट्ट आवाज आला. ईश्वरी दुसऱ्या दाराने आत चढून मागच्या सीटवर बसली होती आणि तिने बेल्टही लावला होता.

"आई, I like this one," ती म्हणाली.

सुदामने टॉर्च बंद केला. "ताई, पोरीला खाली घ्या. ही गाडी घेऊ नका. ही जोडलेली गाडी हाय. पुढचा भाग एकीचा, मागचा दुसरीचा."

गुरुप्रसादांचा चेहरा लाल झाला. "काय बोलतोस तू? कळतंय का तुला? शोरूममधून घेतलीय मी. हे कागद बघ. तू कोण लागून गेलास सांगणारा?"

"जोडणारा, साहेब," सुदाम म्हणाला. "म्याच जोडलीय ही."

गुरुप्रसादांनी त्याच्या हातातला टॉर्च जवळजवळ ओढूनच घेतला आणि आत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सरोजवहिनी हातातला ट्रे तसाच धरून पुढे आल्या.

"माझे गंधार आणि अनय रोज हिच्यात बसतात," त्या म्हणाल्या. "मला सरळ सांगा. काही धोका होता का?"

"वहिनी, माझा जोड सुटायचा न्हाई. त्याची हमी देतो. पण मागनं धडक बसली तर कुठं दबायचं अन् कुठं न्हाई, हे कंपनीनं गाडी करतानाच ठरवलेलं असतं. दोन गाड्यांची एक केली की ते सगळं मोडतं. मग काय होईल ते मलाबी सांगता येत न्हाई."

वहिनींनी ट्रे खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. गुरुप्रसादांनी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि ते आत निघून गेले.

परतताना टॅक्सीत नमिता म्हणाली, "गाडीत दोष आहे एवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही जोडली हे कशाला सांगायचं?"

"नुसता दोष हाय म्हणलो असतो तर त्यांनी मला खोट्यात काढला असता. अन् दुसऱ्याला विकली असती." थोडं थांबून तो म्हणाला, "अन् ताई, काम माझं हाय. चांगलं म्हणायला माझं, वाईट म्हणायला दुसऱ्याचं, असं कसं चालंल?"

पुढच्या रविवारी दुपारी गुरुप्रसाद स्वतः ती गाडी घेऊन गॅरेजवर आले. तिथे रविवार कामाचा, म्हणून अंगात ऑफिसचे कपडे, हातात भिंग आणि लहान आरसा. धुळीत उभं राहून त्यांनी सुदामला हाक मारली.

"सुदाम, मला सगळा जोड बघायचाय. उघडून दाखवता का?"

दाखवता का. सुदामने ते ऐकलं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. गाडी लिफ्टवर चढवली, आतलं अस्तर काढलं. तासभर गुरुप्रसाद भिंग घेऊन इंचाइंचाने फिरले. आरसा धरून पाठीमागून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. दोन पेंटर काम सोडून बघत उभे राहिले. शेवटी त्यांनी भिंग मिटून खिशात ठेवलं.

"पंचवीस वर्षांत मी हजारो वेल्ड नापास केलेत," ते म्हणाले. "हा माझ्यासमोर आला असता तर मी सही केली असती. गाडी रस्त्यावर येणं गुन्हा आहे. पण वेल्ड..." त्यांनी मान हलवली. "सुदामराव, हे शिकलात कुठे?"

"लातूरला, साहेब. पत्र्याच्या शेडात."

मग गुरुप्रसाद खरं बोलायचं ते बोलले. ज्या शोरूमने गाडी विकली त्याच्यावर त्यांनी तक्रार केली होती. शोरूमवाला म्हणत होता, सिद्ध करा. जोडणाऱ्याने स्वतः येऊन सांगितलं तरच काही होणार होतं. "तुम्हाला त्रास होऊ शकतो. नाही म्हणालात तरी मी समजून घेईन."

सुदामने त्या दिवशी गावी बायकोला, ममताला, फोन केला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "लबाडी तुमी केली व्हय? तुमाला सांगितलं फार्मवर चालवायची म्हणून. मग भ्यायचं कशाला? जावा की."

तो गुरुप्रसादांबरोबर तक्रारीच्या ऑफिसात गेला. टेबलामागच्या माणसाने हिंदीत धंदा विचारला, तेव्हा गुरुप्रसाद त्याच्यासाठी बोलायला पुढे सरले. सुदामने हात करून त्यांना थांबवलं आणि मोठ्याने सांगितलं, "डेंटर." अकरा दिवसांचं काम त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं. कुठे कापलं, कुठे जोडलं, कुणी सांगितलं, काय सांगून करून घेतलं. खाली मराठीत सही केली, अक्षर न अक्षर लावून. जुना मुदीर कधीच देश सोडून गेला होता. शोरूमवाल्याने आठवडाभर आवाज केला आणि मग गुपचूप गाडी परत घेतली. गाडीची नोंद रद्द झाली. सुदामला कुणी काही केलं नाही, पण हे त्याला जाताना माहीत नव्हतं.

नमितासाठी त्याने त्यानंतर चार शुक्रवार घालवले आणि चार गाड्या नापास केल्या. पाचवी छोटी होती, निळी, दोन ठिकाणी खरचटलेली. तिच्याखालून तो बाहेर आला तो अंगाला धूळ आणि तोंडभर हसू घेऊन. "ही खरचटलीय ती दिसती, ताई. आतनं कुणी हात लावलेला न्हाई. घ्या."

कागदपत्रं झाल्यावर नमिताने त्याला टॅक्सी करू दिली नाही. स्वतः चालवत नजमाला सोडायला आली. ईश्वरी मागे बसली होती. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या, समोरून येणारा पाण्याचा टँकर. नमिता ओठ दाबून इंच इंच पुढे सरकत होती आणि सुदाम शेजारी बसून सांगत होता, "जाती, जाती, सोडा क्लच... न्हाई, हिला क्लच न्हाई, नुसती सोडा."

कॅफेटेरियासमोर सगळी खोली चहा पीत उभी होती. गाडी थांबली, सुदाम उतरला. नमिताही उतरून त्याच्या बाजूला आली, सगळ्यांसमोर दोन्ही हात जोडून म्हणाली, "सुदामभाऊ, तुमच्यामुळे झालं."

ईश्वरीने काच खाली केली. "थँक यू, काका," ती म्हणाली, आणि मग आईने आधी शिकवलं असावं तसं, जरा अडखळत, "या घरी जेवायला."

"येतो की, इन्शाल्ला," सुदाम म्हणाला.

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी आबासाहेब बघतच राहिला. "आरं, म्याडम सवता सोडाया आल्या तुला?"

सुदामने त्याच्या हातातला चहाचा कप घेतला, एक घोट प्यायला आणि सावकाश म्हणाला, "मग? गाडी कुणी पास केलीय ती?"