बांधातले हिरवे दगड

सकाळी साडेनऊच्या सुमारास, ओहोटी पुरती लागलेली असताना, भुईगावच्या खडकांवर नथूने संकेत दळवीच्या डोक्यात दगड घातला. सोललेल्या नारळाएवढा दगड, त्यावर हिरवंगार शेवाळ. कवटीचा आवाज अल्पेशला स्पष्ट ऐकू आला. तो स्वतः गुडघ्यांवर पडला होता, तोंड रक्ताने भरलं होतं. संकेत उथळ पाण्यात पालथा कोसळला आणि भोवतालचं पाणी आधी गुलाबी, मग काळपट होत गेलं. हे पाहणारा अल्पेश एकटाच होता, आणि नथू त्याचा सख्खा काका.

अल्पेश विरारमध्ये माशांच्या टाक्या बसवून द्यायचा. २००७ सालापर्यंत त्याने गोड्या पाण्याच्या पुष्कळ बसवल्या होत्या. खाऱ्या पाण्याची ही पहिलीच, बोळिंजला संकेतच्या फ्लॅटमध्ये. पण नव्या टाकीतलं पाणी स्थिरावेना. काचांवर तपकिरी साय चढली, दोन मासे मेले. संकेतने ऑफिसात इंटरनेटवर वाचलं, की समुद्री शेवाळ लावलं तर पाण्यातली घाण तेच खातं. मात्र ते दगडासकट आणायचं, नुसतं उपटलेलं सडतं.

"तुमच्या गावाकडे मिळेल का रे?"

"ढीग मिळेल, सर. आमच्या बांधावरच आहे."

चूक इथेच झाली. भरतीला मासे या दगडी बांधावरून आत येतात आणि पाणी उतरलं की बांधाआड अडकून पडतात. अल्पेशच्या आजोबांनी तो रचलेला. अर्धा वाटा त्याच्या वडिलांचा, अर्धा नथूचा. गावाचा रिवाज असा, की पावसाळ्यात लाटांनी ढासळलेला बांध ज्याचा त्याने पुन्हा रचायचा. जो रचणार नाही त्याचा वाटा रचणाऱ्याकडे जातो, त्याची वाच्यता कोणी करत नाही. वडील गेल्यापासून अल्पेशने तिथला एक दगड हलवला नव्हता. कोणी काही बोललं नाही, म्हणून वाटा आपलाच आहे असं तो धरून चालला होता.

त्या सकाळी दोघे बांधावर पोचल्यावर अल्पेशने बोट दाखवलं. संकेतने हातोडीने ठोकून दगड सुटे केले, बादलीत भरले. बांधाला खिंडार पडलं, अडलेलं पाणी धो धो बाहेर गेलं आणि त्याबरोबर मासेही.

नथू बांबू घेऊनच आला.

"कोनाच्या बांधाला हात लावलास?"

"बाबांच्या वाट्याचे दगड आहेत, काका."

"बापाचा वाटा? माझी पाठ मोडत होती तेव्हा कुठं होतास? काचेच्या डब्यात पानी भरत?"

"अहो काका, चार दगड तर आहेत," संकेत हसत म्हणाला. "परत लावून देतो."

नथूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. बांबूचा पहिला फटका अल्पेशच्या मांडीवर बसला, दुसरा बरगडीवर. तिसरा तोंडावर आला आणि दात तुटून जिभेवर पडला. अल्पेश गुडघ्यांवर कोसळला तरी बांबू थांबेना. पाठीवर, मानेवर, डोकं झाकलेल्या बोटांवर. तेव्हा संकेत मधे पडला. त्याने हातोडी नथूच्या खांद्यावर घातली. हाड मोडलं, बांबू गळाला, डावा हात लोंबू लागला. नथूने उजव्या हाताने बादलीतला दगड उचलला.

नथू तिथून निघून गेला. मागून आलेल्या लोकांनी केळी नेणाऱ्या टेम्पोतून बाकी दोघांना दवाखान्यात आणलं. अल्पेशच्या ओठाला टाके पडले. संकेतला आत नेलं आणि दार लागलं.

दुपारी सत्यवती आली. नथूची बायको, अल्पेशची काकी. बाकावर त्याच्या शेजारी बसून तिने पदराने त्याच्या मानेवरचं सुकलेलं रक्त पुसलं.

"सांग, शेवाळावरून त्याचा पाय घसरला. त्यात नवल काय? रोज कोन ना कोन घसरतो."

"आणि माझा दात?"

"तू पन घसरलास."

"काकी, तो माणूस माझ्यासाठी मधे पडला."

"ठाऊक आहे. म्हनून तर तुझ्याकडे आले. तुझ्याशिवाय कोनी पाहिलं नाही. काकाला आत टाकलंस तर त्या घरात मी एकटीच उरते, एवढं लक्षात ठेव."

ती गेली तेव्हा समोर संकेतची बायको सुहासिनी उभी होती. तिने किती ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता.

"खडकावर हातोडी सापडली म्हणतात," ती म्हणाली. "ती दगड फोडायलाच होती ना? ह्यांनी कोणावर उगारली नव्हती ना, अल्पेश?"

अल्पेशने ओठाच्या टाक्यांकडे बोट केलं. बोलता येत नाही, अशी खूण केली. काकीशी तो नुकताच बोलला होता.

"ठीक आहे," सुहासिनी म्हणाली. "माझ्याशी नको बोलूस. पोलिसांशी बोलशील ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार दवाखान्यात आले. खुर्ची ओढून म्हणाले, "सावकाश सांग. पहिला हात कोणी उचलला?"

"काकांनी. माझ्यावर."

"आणि मग?"

यापुढे संकेतची हातोडी होती, आणि तिच्यानंतर काकाचा दगड. अल्पेशने पाणी मागितलं. ग्लास रिकामा झाला तरी हातातच धरून ठेवला. हवालदारांनी पुन्हा विचारलं, मग डॉक्टरांना विचारून दुपारी येतो म्हणाले आणि उठले. तोपर्यंत नथू घरी परतला नव्हता. संकेत शुद्धीवर आला नव्हता.