डाव्या कफाचा मळ

लाँड्रीच्या मालकिणीला पहिला संशय आला तो कॉलरवरून. मुलाच्या कपड्यांची पिशवी पंधरवड्यातून एकदा बसनं यायची, आणि ती उघडण्याचा मान तिनं कधी दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. त्या दिवशी तिनं पांढरा शर्ट बाहेर काढला, सवयीनं कॉलर दोन बोटांत धरून दाबली, आणि बोटं तिथंच थांबली. कॉलर मऊ होती.

मागच्या खेपेला हाच शर्ट तिनं खळ देऊन पाठवला होता. खळ दिलेली कॉलर वापरून मळते, वाकते, पण अशी लोळागोळा होत नाही. खळ जाते ती पाण्यानंच. म्हणजे शर्ट इथून गेल्यावर कुणीतरी तो धुतला होता, आणि धुतल्यावर पुन्हा मळवला होता.

"अहो, बटण्याचा शर्ट मध्ये कुणीतरी धुतलाय."

बटण्या म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. लहानपणी दुकानाच्या फरशीवर पडलेली बटणं गोळा करत बसायचा, एकदा एक गिळूनही झालं होतं, तेव्हापासून ते नाव चिकटलं. आता त्याला दाढी आली होती, दुसऱ्या शहरात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता, मित्राबरोबर भाड्याच्या खोलीत राहत होता. घरी मात्र बटण्याच.

नवरा इस्त्रीच्या टेबलाशी होता. त्यानं मान वर केली नाही. "भिजला असेल कुठंतरी."

"भिजलेल्या शर्टाला परक्या साबणाचा वास येत नाही."

"वास काय घेतेस पोराच्या कपड्यांचा!"

"जन्मभर लोकांच्या कपड्यांचा घेत आलेय. पोरानंच काय वाकडं केलंय?"

टॉवेलची गुंडाळी करून त्यानं गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या बाहीत सरकवली आणि वरून इस्त्री फिरवली. या दुकानाची ओळख ती बाहीच होती. बाकीच्या ठिकाणी बाही आडवी टाकून दाबतात, मग तिच्या कडेला कायमची घडी बसते. इथं बाहीत एक लाकडी दांडा घालायचे, वर जुनी चादर गुंडाळलेला, आणि बाही त्याच्यावर फिरवत इस्त्री करायचे. घडीचं नाव नाही. तो दांडा काही महिन्यांपूर्वी मोडला, असं नवरा म्हणाला होता. नवा करून घेतो म्हणाला होता, त्यालाही बरेच दिवस झाले होते.

तिनं पिशवीतला पुढचा शर्ट काढला. मग त्याच्या पुढचा. सगळ्यांच्या कॉलरी मऊ. पण चमत्कारिक गोष्ट ही, की एकाही बाहीला कडेची घडी नव्हती. धुतल्यानंतर इस्त्री झाली होती, आणि करणाऱ्याला काम येत होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती तिनं नवऱ्याला सांगितली नाही. बटण्या उजव्या हातानं लिहायचा, उजवाच कफ काळा करायचा. या शर्टांचे उजवे कफ जवळजवळ स्वच्छ होते आणि मळ होता तो डाव्या कफावर. शिवाय बाह्या कोपरापर्यंत दुमडून वापरल्याच्या खुणा होत्या. बटण्या उन्हाळ्यातसुद्धा बाह्या दुमडत नसे.

कपडे मुलाचे होते. अंग त्याचं नव्हतं.

दुपारी शेजारची शिंपीणबाई उसवलेलं अस्तर घेऊन आली, तेव्हा तिच्याजवळ हे बोलल्याशिवाय राहवलं नाही. शिंपीणबाईनं शर्ट उलटासुलटा केला आणि डोळे बारीक केले.

"वहिनी, मी बोलले तर राग येईल."

"न बोलता तुम्ही कधी गेलायत?"

"धुतलेलं, इस्त्री केलेलं, आणि तेही इतकं निगुतीनं. हे काम पोराटोराचं नाही. कुणीतरी आहे. संसार मांडला असेल, नाहीतर मांडायच्या बेतात असेल."

"आणि मळवतो कोण मग? डावखुरी आहे का ती?"

"असेल! डावखुऱ्यांनी काय प्रेम करू नये?" शिंपीणबाई आपल्याच विनोदावर हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "नाहीतर दुसरंही असतं. पोरानं कॉलेज सोडलेलं असतं, खोली दुसऱ्याला दिलेली असते, आणि घरी आपलं सगळं ठीक म्हणून सांगतात. माझ्या नणंदेच्या दिराच्या पोरानं तेच केलं. वर्षभर पत्ता नाही."

शिंपीणबाई गेली, पण ते वर्षभर पत्ता नसलेलं पोर दुकानात मागं राहिलं.

फोनवर बटण्या एकाच शब्दात सगळं उरकायचा. अभ्यास? बरा चाललाय. जेवण? बरं असतं. तब्येत? बरी आहे. पूर्वी शाळेतून आला की दप्तर ठेवण्याआधी सगळा दिवस ओतायचा, आता एकेक घोट विचारून घ्यावा लागायचा. मग पिशवी यायची आणि ती सगळं सांगायची. गुडघ्याला लागलेल्या मातीवरून तो पडला होता हे कळायचं, खिशातल्या बसच्या तिकिटावरून कुठं फिरला ते कळायचं, परीक्षेच्या दिवसांत बाहीवर शाईचे डाग वाढायचे. तिच्या वाट्याला मुलगा एवढाच उरला होता, आणि आता तोही कुणी दुसराच निघत होता.

संध्याकाळी तिनं फोन लावला.

"काय रे, कपडे कोण धुतं तुझे?"

पलीकडे चालू असलेला नळ बंद झाला.

"कोण म्हणजे? तूच की."

"मीच ना?"

"मग काय! आई, काहीतरीच विचारतेस. ठेवू का? खाली मित्र थांबलाय."

खोटं बोलताना तो लहानपणापासून वाक्य लवकर संपवायचा. ती फोन हातात धरून उभी राहिली. नवरा समोर रांगेत हँगर लावत होता. त्यानं काय म्हणाला म्हणून विचारलं नाही, हेही तिच्या ध्यानात आलं.

कपडे धुऊन, खळ देऊन, इस्त्री होऊन तयार झाले, तेव्हा नवरा नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन बसस्टँडवर जायला निघाला. हे काम तो आनंदानं करायचा. पिशवी यायची असली की बसच्या वेळेआधीच जाऊन उभा असायचा.

"राहू द्या," ती म्हणाली. "मला धुण्याचा सोडा आणायला घाऊक बाजारात जायचंय. वाटेत देते बसमध्ये."

"तू कशाला हेलपाटा घालतेस? मी जातो ना."

"दुकानात कोण बसेल?"

"पण ड्रायव्हर माझ्या ओळखीचा आहे."

"माझी ओळख करून घेऊ दे त्याला."

ती पिशवी घेऊन स्टँडवर गेली, ओळखीच्या ड्रायव्हरच्या बसमध्ये बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. वाटेत तिनं मनात तीनदा भांडण केलं. एकदा एका मुलीशी, एकदा मुलाशी, आणि एकदा त्या मुलीच्या आईशी, जी तिच्या डोळ्यांपुढं हुबेहूब शिंपीणबाईसारखी दिसत होती.

खोली एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. व्हरांड्यात सायकली, रिकामे पाण्याचे जार, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. तिनं चादरींना जाता जाता हात लावला. नीट पिळलेल्या होत्या. तिचा संशय आणखी घट्ट झाला.

दार एका उंच, काडीसारख्या पोरानं उघडलं. अंगात निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कारण त्या त्याला पुरतच नव्हत्या. डाव्या हातात पेन. तो शर्ट तिनं स्वतः निवडून आणला होता.

"शर्ट काढ," ती म्हणाली.

"अं?"

"तो शर्ट काढ. माझ्या मुलाचा आहे."

पोराचा चेहरा पडला. "काकू? तुम्ही काकू ना? पिशवीवाल्या काकू?" तो घाईघाईनं बटणं सोडू लागला, मग आतून बनियन फाटकी आहे हे आठवून परत लावू लागला. "मी लंबू. म्हणजे सगळे लंबू म्हणतात. आत या ना. तो गच्चीवर गेलाय कपडे काढायला."

ती आत गेली आणि तिनं खोली अशी पाहिली, जशी डाग कुठून कुठवर गेलाय ते पाहतात. दोन खाटा. दोन टॉवेल. दोन जोडी चपला, एक भलतीच मोठी. टेबलावर पुस्तकं, भिंतीवर कॉलेजचं वेळापत्रक, त्यातले झालेले पेपर खोडलेले. बाईमाणसाचं इथं काही नव्हतं. खिडकीखाली दुसरं टेबल, त्यावर चौपदरी घोंगडी, घोंगडीवर उभी ठेवलेली इस्त्री.

इस्त्रीशेजारी लाकडी दांडा होता. जुन्या निळ्या चादरीनं गुंडाळलेला, कडेनं पांढऱ्या दोऱ्याचे आडवे टाके. ते टाके तिच्या हातचे होते. दांडा कुठंही मोडलेला नव्हता.

तिनं त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. इतके दिवस ती चोर बाहेर शोधत होती.

दारात बादली आपटल्याचा आवाज झाला. बटण्या आत आला, खांद्यावर वाळलेले कपडे, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. आईला बघून त्यानं आधी लंबूकडं पाहिलं.

"मी काही बोललो नाही," लंबू म्हणाला. "शर्टच बोलला."

"आई, तू कशी काय?"

"पिशवी द्यायला. ड्रायव्हरला वेळ नव्हता." तिनं पिशवी खाटेवर ठेवली. "हा दांडा कधी आला इकडं?"

बटण्यानं खांद्यावरचे कपडे खाली ठेवले. वाक्य लवकर संपवण्याजोगं त्याच्याकडं काही नव्हतं. "कॉलेज करून एका ऑफिसात जातो मी अर्धा दिवस. शिकायला घेतलंय त्यांनी. तिथं रोज धुतलेला शर्ट लागतो. पंधरा दिवस वाट बघून कसं चालेल? मग धुवायला लागलो. इस्त्री जमेना, तर बाबांना विचारलं. ते येऊन शिकवून गेले."

"कधी आले ते?"

"तू मावशीकडं गेली होतीस तेव्हा."

"अच्छा. आणि पिशवी?"

लंबू खिडकीबाहेर पाहू लागला, जणू तिथं काही फार महत्त्वाचं चाललं होतं.

"मी म्हटलं होतं, आईला सांगू या," बटण्या शेवटी म्हणाला. "बाबा नको म्हणाले. म्हणाले, एवढ्यात नको. तिला तेवढंच राहिलंय. काहीतरी पाठवत जा."

"तेवढंच, असं म्हणाले?"

"माझ्याकडं मळके कपडेच उरेनात. मग या खेपेला जुने शर्ट लंबूला घालायला दिले. तो चार दिवसांत मळवतो."

"तीनसुद्धा पुरतात," लंबू पुटपुटला. "पण त्यानं इस्त्री करून दिला तरच घालतो मी. चुरगळलेलं आवडत नाही."

तिला हसू आलं, पण ते तिनं बाहेर येऊ दिलं नाही. लंबूच्या घामाला तिनं मायेनं साबण लावला होता, हा लंबू तिचं काहीएक लागत नसताना. डाग ती बरोबर वाचत आली होती. फक्त ते कुणासाठी पाडलेत हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आणि बाबांचं काय म्हणणं, पिशवी बंद झाली तर?"

बटण्यानं मान खाली घातली. "एकदा म्हणाले, मग मी स्टँडवर कशाला जायचं?"

ती खाटेच्या कडेला बसली.

"एक शर्ट कर," ती म्हणाली. "बघू दे."

त्यानं पाणी शिंपडलं, बाहीत दांडा सरकवला, इस्त्री फिरवली. बाही सुरेख उतरली, बापाच्या हाताचं वळण जसंच्या तसं. कॉलर मात्र तो मधून टोकांकडं ओढत होता, त्यामुळं टोकाला चुणी पडत होती. टोकाकडून मध्ये ये, हे शब्द तिच्या जिभेवर आले. तिनं तिथंच धरून ठेवले. त्यानं चुणी पाहिली, पुन्हा पाणी मारलं, पुन्हा ओढली, पुन्हा पडली. मग थांबून त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती खिडकीकडं पाहत होती. त्यानं स्वतःच कॉलर फिरवून टोकाकडून सुरुवात केली.

निघताना तिनं पिशवीतले कपडे काढून खाटेवर ठेवले आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली.

"पिशवी राहू दे ना," बटण्या म्हणाला. "पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळी तू ये. बसमध्ये माणसंही बसतात." मग दारातून लंबूकडं वळून म्हणाली, "आणि तू लांब बाह्यांचे शर्ट घे. त्याचे घालून कोपरं उसवलीयस."

ती परतली तेव्हा दुकानात दिवे लागले होते. नवऱ्यानं दोन्ही हातांकडं पाहिलं. सोडा नव्हता. पिशवी होती, आणि रिकामी होती.

"इतका वेळ?"

"बाजारात गर्दी होती."

"आणि पिशवी परत का आणलीस?"

"कपडे धुतो तो," ती म्हणाली आणि पिशवी खिळ्याला अडकवली. "स्वच्छ धुतो. बाही उत्तम करतो. कॉलर मात्र बिघडवत होता, शिकवणाऱ्यानं तेवढी शिकवलेली दिसत नाही."

नवऱ्याच्या हातातली इस्त्री गिऱ्हाइकाच्या शर्टावर तशीच थांबली.

"इस्त्री उचला आधी. जळेल."

त्यानं ती उचलून उभी केली. टॉवेलची गुंडाळी सोडून पुन्हा गुंडाळू लागला. "मला वाटलं, तुला..."

"मला तेवढंच राहिलंय, हो ना? कळलं ते." ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या हातातून टॉवेल काढून घेतला. "उद्या सुताराकडं जाऊन नवा दांडा करून आणा. जुना मोडलेला नाही, पण तो परत यायचा नाही."

तो मान हलवून शर्टाकडं वळला. थोड्या वेळानं, पाठमोराच, त्यानं विचारलं, "बरा आहे ना तो?"

"दाढी वाढवलीय. जेवण काय करतो, ते सांगितलं नाही." आपल्याला हे विचारायचंच राहिलं, हे तिच्या लक्षात आलं. ती फोनकडं गेली, आणि क्रमांक लावता लावता नवऱ्याकडं वळून बघितलं. "का, तुम्हाला माहितीये?"

नवऱ्यानं इस्त्री जरा जोरातच फिरवली.