मधोमध बसलेले बुवा

जवळ सरका मायबाप, परतवाड्याची एक गोष्ट सांगतो.

कपाशी बुडालेल्या त्या वर्षांत अब्दुल रहीमच्या स्टुडिओत हार घालायचे फोटोच जास्त निघत. कीर्तनकार चिंतामणबुवा गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी ताराबाईंनी भजनी मंडळाच्या फोटोची तळहाताहून मोठी जुनी निगेटिव्ह फिल्म आणून दिली. बुवांचा फोटो असा तेवढाच. रहीमने अकोल्याहून स्वस्तातला स्कॅनर आणला होता, त्याच्या साच्यात ती मावेना. तुकडे कंप्युटरवर जोडू, म्हणून त्याने ती मधोमध कापली. मधोमध बसायचा मान बुवांचा. ठिसूळ फिल्म नेमकी त्यांच्या चेहऱ्यावर तडकली.

“मोठा स्कॅनर काहून नाई घेतला, रहीमभाऊ?”

“परवडला नाही, वयनी.”

“बुवाबी कोनाले परवडले नाईत. साऱ्यायले कीर्तन फुकटच पायजे होतं.”

मायबाप, कीर्तनाला बसाल तेव्हा चिंतामणबुवांची आठवण ठेवा.