खोडलेला शब्द

लिंबाजी फाटकवाल्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण संशय घ्यायला अक्षर कशाला लागतं? स्टेशनातल्या दिनकरराव बाबूंनी अपघाताच्या रपोटात एक बारका शब्द लिहिला, थबकले, तो खोडला आणि त्याच्या डोक्यावर चांगला लांबलचक शब्द लिहिला. तिथंच लिंबाजीच्या मनात पाल चुकचुकली.

झालं होतं असं. पूर्ण्याजवळच्या फाटकाची गंजकी बिजागरी तुटली, फाटक रुळावर झुकलं आणि मालगाडीच्या इंजिनानं त्याचा चुराडा केला. माणूस-जनावर कुणी दगावलं नाही. पण दोष लिंबाजीच्या माथी आला, तर नोकरी जाणार आणि रेल्वेची खोलीही. दुसऱ्या दिवशी हैदराबादेहून चौकशीला साहेब यायचा होता.

"लाव अंगठा," दिनकरराव म्हणाले.

"आधी सांगा, खोडलं काय?"

"अरे, फॉल्ट. म्हणजे चूक तुझी. सवयीनं लिहून गेलो. आता ॲक्सिडेंट लिहिलंय. म्हणजे घडलं, कुणी केलं नाही. ती बिजागरी मी स्वतः पाहिलीय."

लिंबाजी गोड बोलण्याला भुलणारा नव्हता. गावच्या चावडीत त्यानं पाहिलं होतं, किरकोळ भांडण पाटील दोन ओळींत मिटवी. खून-दरोडा असला की कागदामागून कागद भरत. म्हणजे लांब शब्द, मोठा गुन्हा! शिवाय मागच्याच आठवड्यात बाबूंच्या पत्नी कमलबाईंनी आजारी पोरीसाठी शेळीचं दूध मागितलं होतं, आणि लिंबाजीनं "करडालाच पुरंना" म्हणून त्यांना हात हलवत परत पाठवलं होतं. बाबू तो राग काढणार नाही तर काय!

"मला बारकाच शब्द पायजे," तो म्हणाला.

"वेडा आहेस का?"

"येडा न्हाई, म्हनूनच म्हनायलोय."

अंगठा न लावताच तो घरी आला. बायको कासाबाई म्हणाली, "आवं, बाबू आपलं वाईट करायचे न्हाईत. मी काय म्हन्ते, त्या दुधाचं..."

"तू गप बस. बायकांनी यात पडू ने."

ती गप बसली.

सकाळी साहेब आला. बाबूंनी तोंड उघडायच्या आत लिंबाजी हात जोडून पुढं झाला. "हुजूर, बाबूनं शबूद बदललाय. पैलाच खरा हाय. त्याच्यावर अंगठा देतो."

"साहेब, त्याला कळत नाही..."

"तुम चुप रहो, बाबू." साहेबाला आता बाबूंचाच संशय आला. त्यानं नवा कागद घ्यायला लावला, पहिला शब्द लिहवून घेतला. लिंबाजीनं अंगठा असा दाबला, की शाई कडेनं फुटली.

साहेबानं कागदाची घडी केली. "अच्छा किया. कसूर खुद कबूल किया."

कसूर! हा शब्द लिंबाजीला चावडीपासून पाठ होता. त्यानं दिनकररावांकडं पाहिलं, पण बाबू टाक पुसत खाली बघत राहिले.

चौथ्या दिवशी खोली खाली करावी लागली. सामान बैलगाडीत टाकून झाल्यावर लिंबाजीनं शेळी सोडली आणि करडासकट बाबूंच्या दाराशी नेऊन बांधली. कमलबाई बाहेर आल्या.

"पोरीला दूध व्हईल," तो कसाबसा म्हणाला. त्याला लाज वाटत होती.

"पोरगी कधीच बरी झाली, दादा," कमलबाईंचे डोळे भरून आले. "कासाबाई रोज सकाळी तांब्याभर दूध देऊन जात होती. तुम्हाला बोलली नाही?"

लिंबाजीनं वळून पाहिलं. कासाबाई गाडीत बसली होती, पदर तोंडाला लावून, अजून गप्पच.