पंख्याचं वारं

जळकोटच्या माळावरची पवनचक्की बलभीमच्या पडीक तुकड्यात उभी राहिली, तेव्हापासून गावातलं सगळं वारं तो आपलंच समजू लागला. यंदा ज्वारीची मळणी झाली आणि आभाळ भरून आलं. पावसाआधी रास उपणायला हवी होती, म्हणून त्यानं खळ्यावर लांब वायर ओढून मोठा पंखा आणला.

"वर चक्की गरागरा फिरतीय," त्याची बायको दगडाबाई म्हणाली. "वारं हाय की!"

"ते कच्चं वारं. त्याची लाईट बनती, लाईट शहर फिरून येती, मग पंख्यातनं पक्कं वारं निघतं."

"म्हंजी वारं देऊन वारंच घ्यायचं व्हय?"

"तुला न्हाय कळायचं."

बटण दाबलं आणि लाईट गेली. बलभीम पंख्यासमोर बसून राहिला. दगडाबाई सूप घेऊन तिवईवर चढली आणि कच्च्या वाऱ्यावरच सगळी रास उपणून, पोत्यात भरून मोकळी झाली. तेवढ्यात पंख्याची पाती फिरू लागली.

"आली बघ लाईट!" बलभीम ओरडला.

"पंख्याची वायर तोडून म्या पोत्याचं तोंड बांधलंय."

बलभीमनं पोत्याकडं पाहिलं आणि उठून बटण बंद केलं. पंखा फिरतच राहिला.